आत्याच्या हातचं तेल

केपुएलीकडे लोक यायचे ते त्याच्या नाकासाठी. दक्षिण समुद्रातल्या आमच्या एउआ बेटावर ज्याच्याकडे म्हणून एखादं इंजिन होतं, मग ते ट्रॅक्टरचं असो, होडीचं असो की विहिरीवरच्या पंपाचं, तो माणूस कधी ना कधी हातात बाटली घेऊन केपुएलीच्या अंगणात उभा राहिलेला असायचा. केपुएली बाटली उन्हात धरायचा, गोल फिरवायचा, बूच काढून हुंगायचा आणि दोन थेंब बोटांवर चोळायचा. मग निकाल द्यायचा.

"यात पाणी आहे. टाकीत घालू नकोस."

"हे गिअरचं तेल आहे. इंजिनात घातलंस तर इंजिन तुझ्या नावानं रडेल."

"यात कुणीतरी रॉकेल मिसळलंय. कुणाकडून घेतलंस ते सांगू नकोस, मला भांडणं नकोत."

शेजारचा उआइसेले संध्याकाळी कावा, म्हणजे आमचं मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसला की सगळ्यांना सांगायचा, "नाकानं कांदे सोलणारे पुष्कळ पाहिले. नाकानं डिझेल गाळणारा हा एकच." केपुएली हसायचा. चेष्टा त्याला लागायची नाही, कारण चेष्टा करणारा उआइसेलेही दर पंधरा दिवसांनी बाटली घेऊन यायचाच.

हे सगळं तो शिकला बापाकडून आणि एका निळ्या ट्रॅक्टरकडून. बाप न्यूझीलंडच्या सफरचंदाच्या बागांत अकरा वर्षं राबला आणि येताना तो जुना ट्रॅक्टर घेऊन आला. गावानं त्याचं नाव निळी ठेवलं. निळीमुळे गावातल्या चाळीस घरांची जमीन नांगरली जायची, आणि दुसरा चालता ट्रॅक्टर डोंगराच्या पलीकडे, तोही निम्मा वेळ आजारी. बापानं मरताना जमिनीचा विषय काढला नाही, घराचा काढला नाही. केपुएलीला जवळ बोलावून म्हणाला, "पंपात पाणी जाऊ देऊ नकोस." निळीच्या इंजिनाला डिझेल पुरवतो तो पंप. एवढंच.

केपुएलीनं ते व्रतासारखं पाळलं. बोटीतून आलेलं डिझेलचं पिंप तो तीन दिवस हलवायचा नाही. एका बाजूला लाकडाचा ठोकळा सारून पिंप तिरकं उभं करायचा, म्हणजे पाणी खालच्या कडेला बसतं. उपसायचं वरच्या कडेनं, आणि तळाचं चार बोटं डिझेल कितीही नड असली तरी घ्यायचं नाही. बापाच्या जुन्या नमद्याच्या टोपीतून ते गाळायचं. टाकी भरायची ती दिवसाचं काम संपल्यावर, म्हणजे रिकाम्या टाकीत दव धरत नाही. रेडिएटरमध्ये चर्चच्या टाकीतलं पावसाचं पाणी. विहिरीचं घातलं तर किटलीत धरतो तसा पांढरा थर आत धरतो. आणि इंजिन ऑइल म्हणजे ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलेल्या नंबरचंच, दुसरं नाही. त्या पुस्तकाची पानं त्याला इतकी पाठ होती की पाद्रीबुवा म्हणायचे, "केपुएली, बायबल एवढं वाचलं असतंस तर आज माझ्या जागी असतास."

त्या वर्षी जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या थंडीत, ऐन लावणीच्या तोंडावर, आमची इंधनाची बोट बंद पडली. आठवडा गेला, दोन गेले. कोनफळाचं बी सुकायला लागलं. परदेशी जाणाऱ्या भोपळ्याच्या बियांची पाकिटं घराघरात तशीच पडून होती, आणि भोपळा वेळेत लागला नाही तर तो न्यायला जहाज थांबत नाही. सगळ्या बेटावर डिझेल संपलं. केपुएलीकडे मात्र अर्धं पिंप उरलं होतं, आणि काटकसरीनं चाळीस घरांची निदान कोनफळं तरी होतील असा हिशेब त्यानं मनाशी बांधला होता.

तेवढ्यात चर्चच्या वार्षिक सभेसाठी उत्तरेची माणसं घेऊन एक मालवाहू बोट आली. तिच्यात डिझेल नव्हतं. तिच्यात लेसिएली आत्या होती, आणि आत्याबरोबर तीन पिंपं.

लेसिएली ही केपुएलीच्या बापाची थोरली बहीण. लग्न होऊन पार उत्तरेला, नीउआला गेलेली, सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातलं शेवटचं कोर्ट. तिनं येऊन भिंतीवरचं घड्याळ मागितलं तर घड्याळ द्यायचं, आणि खिळा मागितला तर तोही उपटून द्यायचा. तिच्या ताटातलं उष्टं खायचं नाही, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही आणि तिला नाही म्हणायचं नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत.

आत्यानं पहिल्याच दिवशी अंगणातलं डिझेलचं पिंप पाहिलं. "हे कुणाचं?"

"निळीचं, आत्या. नांगरणीसाठी ठेवलंय."

"दवाखान्यात दिवा नाही म्हणे. बाळंतिणी अंधारात आहेत, आणि तू ट्रॅक्टरला पाजतोयस? देऊन टाक."

बाळंतिणीच्या विरुद्ध कुणी बोलू शकतं का? केपुएलीनं पिंप देऊन टाकलं. फक्त वीस लिटरचा एक डबा स्वयंपाकघरामागे सरपणाखाली ठेवला, आणि तेवढ्यानंही त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

"आता रडू नकोस," आत्या म्हणाली. "मी काय रिकाम्या हातानं आले? ही तीन पिंपं निळीसाठीच आणलीत. खोबरेल. नीउआच्या बायकांनी आपल्या हातानं काढलंय, प्रत्येक पिंपावर प्रार्थना झाली आहे. माझ्या भावाचा ट्रॅक्टर माझ्या बापाच्या माडांवर चालणार!"

सारं गाव जमलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. केपुएलीनं पिंपाचं झाकण काढून आत पाहिलं. तेल पांढरं, घट्ट, चमचा उभा राहील असं.

"गोठलंय, आत्या."

"मग उन्हात ठेव! सेईनीचं केसांचं तेल गोठतं तेव्हा डॉक्टरला बोलावतोस का?"

लोक हसले. केपुएलीची बायको सेईनी, तीही हसली आणि मग नवऱ्याचं तोंड पाहून गप्प झाली.

"पिंपातलं उन्हात वितळेल," तो हळू म्हणाला. "पंपातलं कोण वितळवणार? पंपाच्या आतले भाग इतके घट्ट बसलेले असतात की मधून केसही जायचा नाही. त्यात हे गोठलं, तर पंपच जाम होईल."

"नीउआला माझ्या जावयाची होडी वर्षभर याच तेलावर चालते."

"नीउआला थंडी कुठे पडते, आत्या? इथे पहाटे स्वेटर घालावा लागतो."

"म्हणजे आता माझ्या तेलात खोट नाही, तुझ्या बेटात आहे," आत्या म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले. विषय संपला.

आत्या खोटं बोलत नव्हती, हे केपुएलीला कळत होतं. तीच खरी अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. इथे एक म्हातारी बाई बोटीत चार दिवस ओकत, मेलेल्या भावाच्या ट्रॅक्टरसाठी तीन पिंपं सांभाळत आली होती. तिला काय म्हणायचं, की तुमची माया इंजिनला चालत नाही?

मग त्यानं निळीला दोन टाक्यांची केली. मुख्य टाकीत उन्हात वितळवून, टोपीतून दोनदा गाळून, कढईत कढवून पाणी उडवलेलं खोबरेल. बाजूला टांगलेल्या डब्यात ते चोरून ठेवलेलं डिझेल. मध्ये एक नळ. सकाळी डिझेलवर चालू करायचं, इंजिन चांगलं तापलं की नळ फिरवून खोबरेलावर न्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा दहा मिनिटं डिझेल, म्हणजे पंपातलं सगळं खोबरेल धुऊन निघतं. रोज इंजिन ऑइल तपासायचं, दाट झालं तर बदलायचं.

"बंद करण्याआधी दहा मिनिटं डिझेल," त्यानं आत्याला एकटं गाठून पुन्हा सांगितलं. "तेवढं चुकलं तर निळी गेली म्हणून समजा."

"बाळंतिणीसारखे लाड करतोस तिचे," आत्या म्हणाली. पण तिनं प्रेमानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि निळी चालली! सहा दिवस चालली. तिच्या धुराला गोड गोळे तळल्याचा वास यायचा आणि शेताच्या बांधावरची माणसं दुपार व्हायच्या आत भुकेजून जायची. सोळा घरांची जमीन नांगरून झाली. आत्या सगळीकडे मिरवत होती. उआइसेले तर म्हणाला, "केपुएली, तुझ्या नाकापेक्षा आत्याचं डोकं बरं." केपुएलीलाही वाटायला लागलं होतं की निभेल. असं वाटणं हीच माणसाची चूक असते, पण सहा दिवस काम नीट चालल्यावर कुणाला वाटणार नाही?

शनिवारी दुपारी त्या आठवड्यातली शेवटची जमीन पाद्रीबुवांची होती. ती संपताना चर्चच्या बायका गाणी म्हणत शेतात आल्या. त्यांनी निळीच्या नळकांड्याला फुलांचा हार घातला, आत्याला मागच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसवलं आणि सगळी मिरवणूक चर्चच्या अंगणात आली. दोनशे माणसं उभी होती. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, बायकांनी कमरेला गुंडाळलेल्या मानाच्या चटयांवरून शाली ओढल्या होत्या. केपुएलीनं नळ डिझेलकडे फिरवायला हात घातला. तोवर आत्या ट्रॉलीतून उतरून शेजारी आली आणि तिनं बंद करायची दांडी ओढली.

निळी थांबली.

"आत्या, दहा मिनिटं—"

"पाद्रीबुवा उभे आहेत," आत्या म्हणाली. तिनं किल्ली काढली आणि कमरेच्या चटईच्या गाठीत खोचली. "उद्या मोठ्या प्रार्थनेत हिला आशीर्वाद द्यायचाय. सोमवारपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही."

दोनशे माणसं. केपुएलीच्या तोंडात वाक्य तयार होतं: आत्या, तुमचं तेल आत राहिलं तर इंजिन मरेल. ते त्यानं गिळलं. आज तिच्या मानाचा दिवस होता, आणि भाच्यानं भर अंगणात तिच्या देणगीला विष म्हणायचं हे त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. ती लहानपणापासून तशी वळलेलीच नव्हती. प्रार्थना झाली, भाषणं झाली, भट्टीतलं डुक्कर आणि अळूच्या पानांतलं मटण वाढलं गेलं. जेवण आटोपल्यावर तो आत्याजवळ गेला.

"आत्या, किल्ली द्या. दहाच मिनिटं."

"पाहा हा!" आत्या बायकांकडे वळून म्हणाली. "बायकोपासून इतका वेळ लांब राहिला तर याला काही होत नाही, ट्रॅक्टरपासून राहवत नाही!"

हशा पिकला. किल्ली तिच्या कमरेच्या गाठीत होती, आणि आमच्याकडे भाचा आत्याच्या कमरेला हात घालत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

"ओरडून सांग ना तिला," सेईनी घरी जाताना म्हणाली.

"तू सांगशील तुझ्या आत्याला?"

सेईनीनं शाल डोक्यावर ओढली आणि पावलं उचलली.

रविवारी आमच्याकडे इंजिन चालत नाही, दुकान उघडत नाही, कायदाच आहे तसा. केपुएली चर्चमध्ये बसला होता आणि खिडकीतून त्याला निळीचा हार दिसत होता. तिच्या पंपात काय होत असेल ते त्याला बाकावर बसून दिसत होतं: आधी कडेनं धूसर, मग पांढरं, मग घट्ट. प्रार्थनेत पाद्रीबुवांनी निळीसाठी आशीर्वाद मागितला तेव्हा सगळ्यांबरोबर तोही आमेन म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं, कारण दुसरं काही त्याच्या हातात उरलंच नव्हतं.

प्रार्थना सुटल्यावर त्यानं अंगातला स्वेटर काढून पंपाभोवती गुंडाळला. त्यानं काही व्हायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी गुंडाळला.

"हे काय?" आत्या मागून आली. "देवाच्या दारात इंजिनला स्वेटर?" मुलं खिदळायला लागली. आत्यानं स्वेटर सोडवला, झटकला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातला. "तुला सर्दी होईल, केपू. लहानपणीही तुझी छाती भरायची. आठवतं?"

त्याला आठवत होतं. तिनंच रात्रभर मांडीवर घेऊन त्याची छाती चोळली होती, याच तेलानं.

सोमवारी उजाडता उजाडता तो गरम पाण्याच्या दोन किटल्या घेऊन चर्चच्या अंगणात धावला. आत्या आधीच निळीच्या आसनावर बसलेली. खाली चोवीस घरांची माणसं, प्रत्येकाला आपली जमीन आधी हवी होती.

"ऊन वर येऊ दे, आत्या," केपुएली म्हणाला. "मी पंपावर गरम पाणी ओततो. दोन तास द्या. मी पाया पडतो."

"दोन तास?" खालून उआइसेले म्हणाला. "केपुएली, बी कुजतंय रे माझं."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "आशीर्वाद झालेल्या यंत्राला गरम पाण्याची आंघोळ लागत नाही." आणि तिनं किल्ली फिरवली.

निळी कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हली. केपुएली किटल्या तशाच टाकून पुढे धावला आणि "सोडा!" एवढं ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो आत्यावर ओरडला, आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरली. आतून सुकी काटकी मोडावी तसा कट् असा आवाज आला. मग स्टार्टर हलकाच फिरत राहिला. जाम झालेला पंप आता त्याला अडवत नव्हता.

पंपाचा दांडा तुटला होता. तसा पंप बनवणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. न्यूझीलंडला कुणाकडे जुना मिळाला, बोट सुरू झाली आणि बसवणारा भेटला, तरी लावणीचा हंगाम संपणार होता. त्या दिवशी दुपारपासून चोवीस घरांची माणसं फावडी घेऊन शेतात उतरली. भोपळ्याचं बी पाकिटांतच राहिलं.

संध्याकाळी पुरुष कावा प्यायला बसले. कुणी चेष्टा करत नव्हतं. कुडापलीकडे आत्या इतर बायकांबरोबर बसली होती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. उआइसेलेच्या हातांना एका दिवसात फोड आले होते.

"केपुएली," तो म्हणाला, "तू आजवर कुणाच्या बाटलीबद्दल खोटं बोललेला नाहीस. आज सांग. तेल वाईट होतं का?"

कुडापलीकडची कुजबुज थांबली.

केपुएलीनं हातातली नारळाची वाटी फिरवली. बाटली फिरवायचा तशीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तेल चांगलं होतं," तो म्हणाला. "शनिवारी बंद करण्याआधी डिझेल फिरवायचं असतं. मी विसरलो."

"विसरलास?" उआइसेले त्याच्याकडे बघत राहिला. "तू?"

"विसरलो."

पुढच्या शनिवारी केपुएलीच्या अंगणात कुणी बाटली घेऊन आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जो माणूस बापाचा ट्रॅक्टर विसरून मारतो त्याला कोण आपलं तेल दाखवणार? इंधनाची बोट सुरू झाली, पिंपं आली, आणि लोक ती न हुंगवताच घरी घेऊन गेले. उआइसेलेनं तर गाळल्याशिवाय टाकीत ओतलेलं केपुएलीनं कुंपणावरून पाहिलं. तो हाक मारायला उठला आणि परत बसला.

आत्याची बोट निघायची होती त्या दिवशी सकाळी ती त्याच्या ओसरीवर आली. हातात एक लहान बाटली होती. त्याच्यासमोर चटईवर ती बसली आणि त्याचे हात ओढून तिनं आपल्या मांडीवर घेतले. तीस वर्षं डिझेलमध्ये बुडलेले हात, भेगा पडलेले, भेगांत काळं बसलेलं, त्यावर आता फावड्याचे फोड.

"तू विसरला नव्हतास," ती म्हणाली.

त्यानं नजर अंगणातल्या फावड्याकडे वळवली.

"मला थांबवलं का नाहीस, केपू?"

यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती स्वतः इतकी वर्षं आत्या होती, तिच्या आत्यासमोर तीही कधी काळी भाची होती. उत्तर तिला सांगायची गरज नव्हती, आणि ती मान खाली घालून बाटलीचं बूच काढायला लागली.

तिनं तेल तळहातावर घेतलं, ऊब येईपर्यंत धरलं आणि त्याच्या भेगांत जिरवायला सुरुवात केली. एकेक बोट. त्याला रडू आलं. रागानं आलं की मायेनं, त्याला कळलं नाही, आणि दोन्हींपैकी कशाचं काय करायचं हेही माहीत नव्हतं. हात मागे घ्यावेत असं एकदा मनात आलं. तेवढंही जमलं नाही.

बंदरावर बोटीचा भोंगा वाजला. आत्या उठून गेली. मग जुन्या सवयीनं त्यानं तळहात नाकाशी नेले. पाण्याचा अंश नव्हता, खवट वास नव्हता, कुठे काही मिसळलेलं नव्हतं. तेल खरंच चांगलं होतं.